कृष्णाबाईंचं संशोधन

भिवादादांना आमच्याकडे सगळे 'ऑफिस बॉय' म्हणतात. पन्नाशीचा माणूस, मिशा पांढऱ्या झालेल्या, आणि म्हणे बॉय! मी यावरून एचआरशी कडाक्याचं भांडलेय. उपयोग शून्य. शेवटी भिवादादाच म्हणाले, "जाऊ द्या ताई, चहाची चव काय बदलणार नाय."

आम्ही दोघं एका दिवंगत राष्ट्राध्यक्षांच्या ग्रंथालयात आहोत. कुठल्या ते विचारू नका, मला नोकरी टिकवायची आहे. मी शारजाहून ट्रॅफिकमध्ये चरफडत येते; ते तिथल्याच रोल्ला भागातल्या भाड्याच्या खोलीतून बसने येतात आणि तरी माझ्या आधी हजर असतात. खाली दिवसभर जत्रा. शाळेच्या सहली येतात, पोरं साहेबांच्या जुन्या गाडीच्या काचेला नाकं चिकटवतात. पर्यटकांना तर फक्त सेल्फी आणि टॉयलेट हवं असतं. वरच्या मजल्यावर मात्र वाचनकक्ष. तिथे देशोदेशीचे अभ्यासक हातमोजे घालून जुने फोटो आणि चित्रफिती बघत बसतात, आणि त्यांची नोंदणी, सरबराई, कटकटी हे सगळं माझ्या गळ्यात.

त्यात कराचीची माहनूर आली. तिच्या पीएचडीचा विषय ऐकून मी आधी हसलेच. राष्ट्राध्यक्षांच्या चित्रफितींमध्ये कडेला उभे दिसतात ते मजूर! "आपा, बीचवाले को तो सब देखते हैं," ती म्हणाली. एक दिवस पँट्रीत चहा पिताना ती सहज सांगत होती, की एका बंदराच्या उद्घाटनाची फीत सापडलीय, सत्तरच्या दशकातली, तिकडे तुमच्या कोकणातली बरीच माणसं कामाला होती.

भिवादादा बशा धुत होते. त्यांनी नळ बंद केला. "कुठचा बंदर?" 

तिने नाव सांगितलं आणि ते खालीच बसले.

त्यांचे वडील, रामेश्वर, त्या बंदरावर गवंडी होते. लग्नानंतर चार-सहा महिन्यांत देवगडहून निघून आले. भिवादादा तेव्हा आईच्या पोटात. बाप आला तो परत गेलाच नाही. कामावरच अपघात झाला, गावी फक्त तार पोचली. घरात त्यांचा एकसुद्धा फोटो नाही. लहानपणी भिवादादा आईला विचारायचे, बाबा कसे होते गो? कृष्णाबाई म्हणायच्या, "तुझ्यासारखे. आरशात बघ."

"पन्नास वर्षं आरशातच बघतोय ताई," भिवादादा म्हणाले. "एकदा खरे बघायचे आहेत."

फितीत मजुरांची रांग होती, पण त्यातला बाप कोणता, हे त्यांना कसं कळणार? ओळखणार फक्त कृष्णाबाई. त्या देवगडच्या बाजूला घरी, वय पंच्याहत्तरच्या पुढे, एका डोळ्याने दिसायचं बंद झालेलं, दुसऱ्याचाही भरवसा नाही. आणि आमचा नियम असा, की फीत वाचनकक्षाबाहेर जाणार नाही, तिचा फोटो काढायचा नाही, नोंदणी केलेल्या संशोधकाशिवाय कोणाला दाखवायची नाही.

मी आमच्या प्रमुख सफा मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "इन्शाल्ला." देवाची मर्जी असेल तर, म्हणजे बघू. आठवड्याने पुन्हा गेले. पुन्हा इन्शाल्ला. माझ्या तर डोक्यात तिडीक गेली. तिसऱ्यांदा मी सरळ म्हटलं, "मॅडम, म्हातारीचा डोळा काही इन्शाल्लावर थांबणार नाही हो." बोलले आणि जीभ चावली. सफा मॅडमनी नोंदणीचा कोरा फॉर्म पुढे ओढला. मग म्हणाल्या, "मग त्यांनाच संशोधक करू या. ऑनलाइन दाखवू. मी सही करते."

अशी देवगडच्या कृष्णाबाईंची नोंदणी झाली. फोनवरून माहिती घ्यायला मीच बसले. "आजी, कोणाचा शोध घ्यायचाय? नाव सांगा." 

"ह्या भिवाच्या बापाशीचो."

"हो, पण त्यांचं नाव?" 

"तां मी कसा घेव? नवऱ्याचा नाव कोण घेता?" 

नाहीच घेतलं. शेवटी भिवादादांनी सांगितलं आणि मी लिहिलं.

इथे व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल लागत नाहीत, म्हणून ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्येच त्यांना घेतलं. सफा मॅडम स्वतः वाचनकक्षात येऊन बसल्या. तिकडे भिवादादांच्या मुलीने, स्वप्नालीने, फोन आजीच्या डोळ्याजवळ धरला होता. आजी ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या होत्या. माहनूरने खपून एकेका मजुराचा चेहरा मोठा करून ठेवला होता. पहिला दाखवला, दुसरा, तिसरा. भिवादादा खुर्चीची कड धरून उभे. प्रत्येक चेहऱ्याला आजी नुसती मान हलवत होत्या. चेहरे संपले.

"आये, नीट बघ गो," भिवादादांचा आवाज चिरकला. 

आजी रडायलाच लागल्या. "काय बघू झिला? त्यांचा तोंड माका आठवनाच नाय. घरात सासू-सासरे, दिवसा मान वर करूची सोय नाय. रात्री दिवो मालवलेलो. मी त्यांका नीट बघितलंय तां जातानाच. एस्टीकडे जायत होते आणि मी पडवीत उभी. पाठ बघितलंय मी त्यांची."

मग "तुझ्यासारखे" हे काय होतं, हे भिवादादांना त्या क्षणी कळलं असणार. ते आईवर रागावले नाहीत. मला म्हणाले, "ताई, पाठीची बाजू आहे काय त्या फितीत?"

आम्ही खुळ्यासारखे तोंडंच जमवत बसलो होतो! समारंभ संपल्यावर मजूर कामाकडे परत जातात तो शेवटचा तुकडा आम्ही बाजूलाच ठेवला होता, चेहरे दिसत नाहीत म्हणून. माहनूरने तो शोधून दिला, सफा मॅडमनी लावला. समोर राष्ट्राध्यक्षांची गाडी निघते आणि कडेने डोक्याला फडकी गुंडाळलेली माणसं पाठमोरी चालत जातात.

"ह्येच!" आजी ओरडल्या. "ते कडेचे. उजवो खांदो बघ, कललेलो आसा. तेच चालणा!" 

भिवादादा पडद्याच्या इतके जवळ गेले की सुरक्षारक्षक पुढे आला. सफा मॅडमनी हातानेच त्याला थांबवलं. तो माणूस चालत चालत धुरळ्यात लहान होत होता. एकदाही वळला नाही. आणि तो पडद्याच्या कडेला पोचला तशी म्हातारीने हाक मारली. 

"रामेश्वर! अवो रामेश्वर, मागे येवा!" 

भिवादादांनी चटकन माझ्याकडे बघितलं. आईच्या तोंडून बापाचं नाव त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

सफा मॅडमना मराठी कळत नाही. त्यांना वाटलं, आजींना पुन्हा बघायचंय. त्यांनी फीत उलटी फिरवली. आणि तो माणूस पाठमोराच, एकेक पाऊल मागे टाकत, धुरळ्यातून आमच्याकडे यायला लागला. पाठ मोठी होत गेली.

"इले," आजी म्हणाल्या. त्या हसत होत्या. "भिवा, बघ रे, इले ते."

तो अगदी जवळ आला तेव्हा भिवादादांनी सफा मॅडमपुढे हात जोडले. "मॅडम, बस. यहीं रोक दो. आगे मत चलाओ."