पुतणीचं नाटक मी कसं वाचवलं

हसायचं असेल तर चहा ओतायच्या आधीच हसून घ्या, नंतर ठसका लागेल. अख्खी हयात मी पत्रकारितेत घालवली. भल्याभल्या मंत्र्यांना भर पत्रकार परिषदेत घाम फोडला. आणि माझी अब्रू गेली कुठं? सख्ख्या पुतणीच्या नाटकात!

पुतणी म्हणजे प्रणाली, थोरल्या भावाची मुलगी. वाळूजच्या कंपनीतली बरी नोकरी सोडून तिनं चार मित्रांबरोबर छोटीशी नाट्यसंस्था काढली. सुरुवात काय, तर थेट तीन नव्या नाटकांचा महोत्सव! दादानं बापाच्या आवाजात अट घातली होती, "लोक आले तर खुशाल कर नाटकं. नाही आले, तर गुमान कंपनीत परत जायचं." पोरीचं सगळं त्या तीन संध्याकाळींवर टांगलेलं.

"काका, बाकी काही करू नका," ती मला म्हणाली होती. "फक्त वेळेवर या."

आता तुम्हीच सांगा, आपल्या शहरात कार्यक्रमाला वेळेवर कोण जातं? पाहुण्यांची गाडी क्रांती चौकात अडकते. समई पेटत नाही. माईक शिट्टी मारतो. मग सत्कार, प्रास्ताविक, पुन्हा सत्कार. सहाचं नाटक साडेसातला सुरू होतं, हे ज्याला कळत नाही तो कसला वार्ताहर? मी आपला निवांत पावणेसातला पोचलो.

आणि अंदाज शंभर टक्के खरा! रंगमंचावर सोफे, हारतुरे, शालींचा ढीग. माईकला चिकटलेले झुपकेदार मिशांचे एक भाऊसाहेब. "मला फक्त दोनच शब्द बोलायचे आहेत," ते म्हणत होते. "त्यातला पहिला माझ्या बालपणाविषयी..."

माझं डोकं सणकलं. शेजाऱ्याला विचारलं, "कधीपासून चाललंय हे?"

"लई वेळ झाला," तो डोळे पुसत हसला. "भारी चाललंय!"

"भारी? तिकडं पोरांचं नाटक अडलंय आणि तुम्ही दात काढताय?"

तो माझ्याकडं बघून आणखीच हसायला लागला. अशा प्रेक्षकांमुळंच या शहराची ही दशा झाली आहे, असं मी मनाशी म्हटलं.

तेवढ्यात विंगेत प्रणाली दिसली. मला बघून तिनं जोरजोरात मान हलवली. दोन्ही हात हलवले. पोरगी मदत मागतेय! तिनं नोकरी सोडलेली, बाप समोर बसलेला, आणि हा गृहस्थ बालपणातून बाहेर यायला तयार नाही! मी ताडकन उठलो.

"ओ भाऊसाहेब, बसा खाली!"

भाऊसाहेब दचकले. क्षणभर विंगेकडं बघितलं आणि म्हणाले, "आपण कोण?"

"पत्रकार!"

"अरे वा! पत्रकार बंधूंचा सत्कार राहिलाच की! आणा रे शाल!"

आणि खरंच दोघं जण शाल घेऊन माझ्यावर चालून आले! लोक हसून लोळायला लागले. मी शाल भिरकावली आणि तरातरा रंगमंचावर चढलो. "तुमचं भाषण हर्सूल जेलच्या कैद्यांना ऐकवलं तर गुन्हे कबूल करतील!" टाळ्या. "आम्ही नाटक बघायला आलोय, तुम्हाला नाही!" आणखी टाळ्या. मागच्या रांगांतून आरोळ्या उठल्या, "नाटक सुरू करा! नाटक सुरू करा!"

प्रणाली आता विंगेत हात जोडून उभी होती. "घाबरू नको बेटा!" मी ओरडलो. "काका आहे ना!"

भाऊसाहेबांच्या हातातला माईक हिसकावला आणि पडदा ओढायला लावला. पडद्यापुढं उभं राहून जाहीर केलं, "रसिकहो, भाषणं संपली. आता दहा मिनिटांत नाटक!"

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या घेतच मी मागं वळलो, तर भाऊसाहेब हातात मिशी धरून उभे.

"काका, हळू तरी ओढायचं," ते म्हणाले. "माईकबरोबर मिशीपण आली."

प्रणाली खाली बसली होती. रडत नव्हती, हसत नव्हती. "काका, हेच नाटक होतं."

"मग ते उद्घाटन?"

"उद्घाटन ठेवलंच नाही आम्ही. नाटकच उद्घाटनावर आहे. शेवटी सगळे पाहुणे निघून जातात आणि रिकाम्या सभागृहासमोर इतका वेळ खोळंबलेली पोरं आपलं नाटक सुरू करतात. त्या शेवटासाठी सगळं लिहिलं होतं मी."

दादा पडदा सारून आत आला. मला वाटलं, आता हिची रवानगी वाळूजला. पण तो पोरीला म्हणाला, "उद्या परत कर. पुरं कर." मग माझ्याकडं वळला, "आणि तू घरीच थांब."

"नको बाबा, येऊ द्या," प्रणाली म्हणाली. "पण काका, शपथ घ्या. तोंड उघडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नाटकाच्या आधी कालचंच नाटक पुन्हा ठेवलं. मी वेळेवर गेलो, चक्क दहा मिनिटं आधी! सभागृह गच्च. कुणीतरी माझ्या पराक्रमाचा व्हिडिओ फिरवला होता. मी शपथेप्रमाणं पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलो. भाऊसाहेब बालपणात शिरले. लोक माझ्याकडं बघायला लागले. मी गप्प.

मागून एक बाई कानाशी कुजबुजल्या, "ओ काका, 'बसा खाली'! म्हणा ना, 'बसा खाली'!"

मी ढिम्म. दात आवळून बसलो. नाटक पुढं सरकलं, पाहुणे गेले, आणि तो शेवट झाला. काय शेवट होता हो! दादा किती तरी वेळ चष्मा पुसत होता. नोकरीचा विषय त्यानं त्यानंतर काढलेला नाही.

मी भरल्या डोळ्यांनी बाहेर आलो, तर त्या मागच्या बाई आणि त्यांचे यजमान माझी वाटच बघत होते. यजमानांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका, काका," ते हळूच म्हणाले. "नव्या कलाकाराचं होतं असं. एवढी गर्दी बघितली की वाक्यं विसरतात."