वन्संचं तळं

आमच्या जऊळक्यातून त्या काळी कोणी हवापालटाला जात नसे. माणसं घर सोडत ती फार तर यात्रेसाठी. पण त्या साली यांची कापसाची आडत बरी चालली होती, घरात मूलबाळ नव्हतं, आणि यांच्या मनानं काश्मीर घेतलं. डोंगरावरची कुरणं, बर्फाचं पाणी, तळी. कुठंतरी एक चित्र पाहिलं होतं, तेवढंच निमित्त.

घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि यांची थोरली बहीण. वन्सं लहानपणीच विधवा होऊन माहेरी आल्या होत्या. तेव्हापासून मंगरूळपीरच्या पुढं त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

एका संध्याकाळी यांनी सतरंजीवर नकाशा पसरला.

"खंडव्याले गाडी बदलायची, मंग दिल्ली, मंग रावळपिंडी. तिथून तळ्यापर्यंत मोटार."

वन्सं तुरीची डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मोटार तळ्यापर्यंत जात नाही. शेवटी घोड्यावर जा लागते."

"तुले कोनं सांगितलं, अक्का?" हे हसले.

"सांगाले कायले पायजे? मी पाह्यलं ना." मग डाळीतले खडे वेचता वेचता त्या बोलत राहिल्या. कुरण उतरत जाते. खाली दगडाची पडकी भिंत. तिथं वीज पडून मधोमध फाटलेलं झाड. त्याच्या मागं पाणी, काठाले हिरवं अन् मंधात काळंभोर. "दुपारी डोळा लागला का मी तिथंच राह्यतो."

हे पुन्हा हसले. मला मात्र हसू आलं नाही. आदल्याच दुपारी मी त्यांना उठवायला गेले होते. वैशाख होता, वरचे पत्रे तापले होते. मी त्यांच्या पायाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. पाय थंडगार होते, आणि खूप वेळ पाण्यात उभं राहिल्यासारखी बोटं सुरकुतली होती.

यांनी त्यांनाही चलायचा आग्रह केला. "नाही," त्या म्हणाल्या. "मी आली तं इथं कोन राहीन?"

शेवटी आम्ही दोघंच निघालो. प्रवासाचं काय सांगू? दशम्या रावळपिंडीपर्यंत पुरल्या, मोटारीत मला ओकाऱ्या झाल्या. मोटार थांबली तिथून घोडी केली. कुरण उतरायला लागलं तसा घोडेवाला थांबला.

"साहब, यहीं से देख लो."

"क्यों?"

तो जरा घुटमळला. म्हणाला, दुपारी काठावरून एक बाई फिरते. अनवाणी, पांढऱ्या कपड्यात. कोणाशी बोलत नाही. "हमारे मुल्क की नहीं है."

दुपारच होती. हे घोड्यावरून उतरले, मागोमाग मीही. खाली पडकी भिंत होती. फाटलेलं झाड होतं. त्याच्यामागं पाणी. काठाला चिटपाखरू नव्हतं, पण ओल्या गवतात कोणी रोज ये-जा करावी तशी एक बारीक पायवाट मळली होती. ती झाडापाशी येऊन संपत होती. हे तिथं जाऊन उभे राहिले, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अक्का?"

स्वतःच्या आवाजानं तेच दचकले. आम्ही फार थांबलो नाही.

घरी आलो तेव्हा वन्सं दारातच होत्या. मी वाकून नमस्कार केला. पाय कोमट होते, चारचौघींसारखे. आमचं पाणी पिऊन झाल्यावर त्या यांना म्हणाल्या, "त्या झाडापाशी तू उभा होता. मी मागून आवाज देऊन राह्यली होती. तू मागं पाह्यलंच नाही."

हे पांढरेफटक पडले. "मी तुले हाक मारली होती, अक्का."

"मले नाही आलं ऐकू." त्यांनी रिकामं भांडं उचललं. "त्या दिवसापासून डोळा लागते अन् नुसता अंधार. काईच दिसत नाही."

"पुढच्या उन्हाळ्यात तुले घेऊन जातो," हे म्हणाले.

"नोको. तिथं आता कोनी नाही."

त्यानंतर दुपारी त्या कधी आडव्या झाल्या नाहीत. जेवणं आटोपली की ओसरीत वाती वळत बसत, आणि मी जवळ असले तर मला झोपू देत नसत. काहीबाही विचारून जागं ठेवत. "तुले नोको तो अंधार," म्हणत. पुढं लढाई सुरू झाली, कापसाचा भाव गडगडला. काश्मीरचं नाव आमच्या घरात पुन्हा कोणी काढलं नाही.