लपवलेला रकाना

एस्तेरताईंची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या रागावण्यातून. दिल्लीजवळ मानेसरच्या धर्मादाय दवाखान्यात त्या नोंदी सांभाळत. संगणकाच्या कामावर रुजू झालो त्याच दिवशी मी एका पेशंटचं नाव मोठ्याने पुकारलं. त्या म्हणाल्या, "अहो, हे स्टेशन आहे का? टोकन नंबर सांगा." संगणक मी कुठल्याही वर्गात न जाता शिकलो आहे, चूक दाखवलेली मला खपत नाही. ती मात्र खपली.

पुढची चूक मोठी होती. तिथल्या मराठी मंडळाला गणपतीत गरजू कुटुंबांना शिधा द्यायचा होता. मी आमच्या पेशंटची यादी पाठवली. आजाराचा रकाना मी लपवला होता, पुसला नव्हता. कुणीतरी तो उघडला आणि "अरे, ग्रुपवर सगळे आपलेच लोक आहेत" म्हणत यादी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. ग्रुपमध्ये एका कारखान्याचे साहेब होते. चौथ्या दिवसापासून त्या कारखान्यातल्या, यादीत नाव असलेल्या एका कामगार बाईंच्या शेजारी कंपनीच्या बसमध्ये कुणी बसेना. त्यांनी दवाखान्यात येणंच सोडलं. औषध अर्ध्यावर तुटलं, आणि क्षयरोगात ते अर्ध्यावर तुटणं जिवावर बेततं.

ताईंनी मला एवढंच विचारलं, "यादीत किती जण?"

"एकतीस."

"मग एकतीस घरं. चला."

प्रत्येक घरी दार लावून घेऊन त्यांनी झालेलं सांगितलं. "आमच्याकडून चूक झाली," असं म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या कामगार बाई म्हणाल्या, "दीदी, माफ़ी लेकर मैं क्या करूँ?"

"कुछ मत करो. दवा कहाँ दूँ, ये बताओ."

"जहाँ मुझे कोई न पहचाने."

ताई तेव्हा दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत. मग दर दुसऱ्या रविवारी जवळच्या सरोजिनी नगर बाजाराच्या गर्दीत, फ्रॉकांच्या ढिगापाशी, कपड्यांच्या पिशवीतून औषध द्यायचं ठरलं. गुडघे दुखत असूनही त्यांनी एकही रविवार चुकवला नाही. बाई पूर्ण बऱ्या झाल्या. त्यांचं नाव मी इथे बदललेलं नाही, लिहिलेलंच नाही.

यादी कुणी पाठवली, हे विश्वस्तांना ताईंनी कधी सांगितलं नाही. "नोंदी माझ्या ताब्यात, म्हणून जबाबदारी माझी," एवढंच त्यांचं उत्तर. ती मी पाठवली होती, हे आज मी सांगतो आहे. फार वर्षं जड झालं होतं.

खरं सांगायचं तर थकायला होतं. अजूनही कुणीतरी पेशंटचा रिपोर्ट ग्रुपवर टाकतं, पासवर्ड शेजाऱ्याला सांगतं, आणि वर मलाच म्हणतं, "यार, इतना क्या!" मी पुन्हा पहिल्यापासून समजावतो. ताई पंचाहत्तरीतही दर गुरुवारी येतात. बाहेर जाणारी प्रत्येक फाइल स्वतः उघडून, शेवटच्या रकान्यापर्यंत पाहतात. मग मलाही कंटाळा करता येत नाही.

ताई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, गुडघ्यांना आराम पडो. तुमची तब्येत कशी आहे, असं तुमच्या पंचाहत्तरीच्या या समारंभात शंभर जण विचारतील. सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. आमच्याकडून कुणाला कळणार नाही.