गच्चीच्या दारावरचा टॅग

गच्चीवरचे पितळी नळ भरदिवसा चोरीला गेले आणि डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी या नात्याने मला शहाणपण सुचलं. वॉचमन खरंच राउंड मारतात का हे कळावं म्हणून मी तीन टॅग चिकटवले: गेटजवळ, पंपाच्या खोलीत आणि चार जिने वर, गच्चीच्या दारावर. टॅग म्हणजे नाण्याएवढा स्टिकर. सोसायटीचा फोन त्याला टेकवला की वेळेची नोंद माझ्या मोबाइलवर येते. "याला बॅटरी लागत नाही," मी मीटिंगमध्ये समजावलं. "फोन जवळ आला की त्याच्याच चुंबकीय क्षेत्रातून हा वीज घेतो." ठाण्याच्या कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवलंय मी. फळा नसला तरी माझा तास सुरू होतो.

दिवसपाळीचे वॉचमन माझ्याच वयाचे, रत्नागिरीकडचे. सगळे त्यांना मामा म्हणतात. गेटची नोंद यायची, पंपाची यायची, गच्चीची एकदाही नाही. पुढच्या मीटिंगला मी त्यांना बोलावून घेतलं.

"मामा, वर जात नाही ना तुम्ही?"

"जातो मॅडम. पन तिथं फोन घेतच नाय. माझंच कायतरी चुकत असेल."

"खाली बरोबर जमतं आणि वरच चुकतं?"

आठ-दहा माणसांसमोर विचारलं मी हे. लिहिताना आजही कान तापतात. महिनाअखेरीला त्यांना काढून दुसरा माणूस ठेवावा, हा ठराव मीच मांडला.

चार दिवसांनी साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालायला गच्चीवर गेले. दाराशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने बारीक अक्षरांत तारखा आणि वेळा लिहिलेल्या होत्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ. कुठे कुठे एकाच दुपारच्या तीन-तीन वेळा. फोन घेत नाही म्हणून माणूस खाली जाऊन पुन्हा वर आला होता.

मी ताट खाली ठेवून माझा फोन टॅगला टेकवला. काहीच झालं नाही. मग दारावर हात ठेवला. लोखंडी पत्रा. मागे लोखंड असलं की फोनचं क्षेत्र तेच खाऊन टाकतं, टॅगला वीज मिळतच नाही. हे बारावीच्या पोरालाही सांगता आलं असतं. टॅग चिकटवला त्या दिवशी माझा फोन घरी राहिला होता, आणि तपासायला पुन्हा जिने चढायचा मलाच कंटाळा आला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी. भयंकर लाज वाटली, पण ती कोणाला दिसू दिली नाही.

नवा टॅग मी गुपचूप भिंतीवर लावला. कमिटीला म्हणाले, "मामांना एक संधी देऊ या, मी स्वतः शिकवते त्यांना." मॅडमचं मन मोठं, असं कोणीतरी म्हणालं. मी ऐकून घेतलं. मग मामांना वर नेऊन फोन कसा धरायचा ते दाखवलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा दारात आले. हातात गावच्या आमसुलांची पुडी होती.

"जमलं मॅडम मला. तुमी शिकवलंत म्हनून, नायतर नोकरी गेलीच होती."

"सराव ठेवा," मी म्हणाले आणि पुडी घेतली.