छप्पन्न पाउंड

"सर, युर्गननं फिफ्टी-सिक्स लिहून दिलंय," रॅकेट काउंटरवर ठेवत इराची आई म्हणाली. "मागच्यापेक्षा जास्त आहे ना? चालेल?"

आकड्याचा अर्थ सांगतो. रॅकेटच्या तारा मशीनवर ताणून बसवतात आणि तो ताण पाउंडात मोजतात. ताण जास्त, तर बॉलवर कंट्रोल जास्त, पण दणका थेट कोपराला. मागच्या वर्षी इराचं कोपर दुखलं, तेव्हापासून मी अठ्ठेचाळीसच्या वर जात नव्हतो. युर्गनला हे कुणी सांगितलं नव्हतं.

फ्रीमाँटच्या या टेनिस क्लबमध्ये मी चौदा वर्षं कोचिंग करतो, स्ट्रिंगिंगही करतो. इराला रॅकेट धरायला मी शिकवलं. मग युर्गन आला. जर्मनीचा रिटायर्ड प्रो, दहा वर्षं देशोदेशी खेळलेला. तो नुसता कोर्टवर उभा राहिला तरी पालक फोन काढून फोटो घ्यायचे. मी पुण्याबाहेर एकही मॅच जिंकलेली नाही. महिन्याभरात इरा त्याच्याकडे गेली. माझा नुसता जळफळाट झाला.

"कोच म्हणेल तसं," मी म्हटलं आणि मशीन छप्पन्नवर लावलं.

तीन आठवड्यांनी इरा कोपराला आइस पॅक बांधून बाकावर बसलेली दिसली.

"इट्स फाइन, काका."

फाइन नव्हतं. डॉक्टरांनी दीड महिना खेळ बंद केला. जिच्यासाठी पोरगी वर्षभर राबली, ती टुर्नामेंट हुकली.

मी युर्गनला गाठलं आणि कोपराचं सगळं सांगितलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"जेलस होतो."

त्यानं बाही वर केली. कोपरावर ऑपरेशनचा लांब व्रण होता.

"सत्ताविसाव्या वर्षी संपलं माझं करिअर. ह्याच्यावर जेलस होतास?" मग त्यानं वही काढली. "तिच्याबद्दल आणखी काय माहीत आहे? सांग."

मी तासभर सांगत होतो. इराच्या आईला सांगणं जास्त जड गेलं. तिनं ऐकून घेतलं आणि निघून गेली.

इरा आता अठ्ठेचाळीसवर खेळते, युर्गनकडेच. स्ट्रिंगिंगच्या फॉर्मवर खाली नोट्सचा रकाना असतो, तो मी कुणी न विचारता भरतो. त्याच्या कोर्टवरून तिचं हसणं ऐकू आलं की अजूनही पोटात दुखतं. दुखू दे. मशीनला हात लावण्याआधी तोंड उघडलं म्हणजे झालं.