काळ्या मातीचा मिस्त्री

शालिकरामच्या हातात पाना आला तो अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात. दोन हंगाम तिथे यंत्रांना तेल घालून तो वलगावला परतला, तेव्हा त्याच्याजवळ एक पाना होता आणि यंत्रांविषयीची पक्की मतं होती. पाना पुढे झिजला. मतं तशीच राहिली.

घरचा धंदा भाजीपाल्याचा. पेढी नदीच्या काठी दीड एकरात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. पण मोटेची कडी तुटो की कोणाचं कडबा कापायचं यंत्र अडो, बोलावणं शालिकराम मिस्त्रीलाच. त्याची तपासणी मोठी पाहण्यासारखी असे. पळसाची काडी यंत्राला टेकवायची, दुसरं टोक दातात धरायचं आणि डोळे मिटायचे. यंत्राचं दुखणं त्याला दाढेतून कळे म्हणे. औषध मात्र बहुतेक एकच असे, काळी माती. मळ्यातला पाण्याचा दांड फुटला की ओल्या काळ्या मातीचा गोळा हाणायचा, पाणी बंद. हौद गळला, काळी माती. चार पिढ्या पाणी अडवत आलेलं घराणं ते, दुसरं सुचणार काय!

सन अडतीसच्या चैत्रात या औषधाची परीक्षा झाली.

शालिकरामची लेक शकुन मूर्तिजापूरच्या अलीकडे एका खेड्यात दिलेली. सकाळच्या लॉरीवाल्याबरोबर जावई सूर्यभानचा निरोप आला. गावात बुळकांडी शिरली होती. तीन ढोरं गेली होती. आपले चार बैल अजून उभे आहेत, पण शेजारच्या गोठ्यातली गाय कालपासून बसली आहे. बुळकांडी गोठ्यात आली की आठ दिवसांत गोठा रिकामा करते. सुई टोचायची ती त्याआधी. शालिकराम निरोप ऐकून मळ्यात गेला आणि नुसताच बांधावर बसला.

अकराच्या सुमारास रस्त्यावर असा खडखडाट उठला की कुत्रीसुद्धा घरात शिरली. ढोरांचे डॉक्टर वामनराव दौऱ्याच्या फटफटीवरून आले आणि पिंपळाखाली थांबले. मागे कॅरियरवर पत्र्याचा डबा होता, त्यात बर्फ आणि बर्फात लस.

"इथे कोणी मिस्त्री आहे का?" डॉक्टर पुण्याकडचे, घाईतही शुद्ध बोलत. आवाज ऐकून मळ्यातून आलेल्या शालिकरामकडे सगळ्यांनी बोट दाखवलं, काहींनी हसत.

"कुठं चालले साहेब?" शालिकरामने विचारलं.

डॉक्टरांनी गावाचं नाव सांगितलं. ते शकुनचंच गाव होतं. शालिकराम एकदम काडी शोधायला लागला.

काडीची गरजच नव्हती. धुराच्या नळीला धरून ठेवणारी पट्टी तुटली होती. नळी अधांतरी हलून हलून फ्रेमवर आपटत होती, आणि त्या आपटण्यानं तिला बोटभर चीर गेली होती. चिरेतून निघणारी आग थेट वर, डब्याच्या बुडाला लागत होती. डब्याच्या कोपऱ्यातून पाणी टपकत होतं.

"चार वाजेपर्यंत बर्फ टिकेल," डॉक्टर म्हणाले. "ही धग लागत राहिली तर दर्यापूरपर्यंतही नाही. आणि बर्फ गेला की लस म्हणजे नुसतं पाणी."

लॉरी सकाळीच निघून गेली होती. बैलगाडीनं पोहोचायला उद्याची सकाळ.

"डबा डोक्यावर घेऊन बसतो कोनी मांगं," किसनराव म्हणाले. ते दूध घालायचे आणि फुकट सल्ले द्यायचे.

"तुमच्याच डोक्यावर देऊ," शालिकराम म्हणाला. "तिथं लय जागा रिकामी हाये."

मोटेच्या जुन्या कडीची लोखंडी पट्टी त्यानं वाकवली, भोकं पाडली, नळी फ्रेमला आवळली. खडखड थांबली. राहिली चीर. शालिकरामनं मळ्यातून काळ्या मातीचा गोळा आणला, चिरेवर थापला, वरून रॉकेलच्या डब्याचा पत्रा गुंडाळला, तार पिळली.

"जा साहेब. माहा शब्द."

फटफटी निघाली. आम्ही गावकरी वाहवा म्हणेपर्यंत नदीजवळून फट्ट असा आवाज आला. दहा मिनिटांनी डॉक्टर फटफटी ढकलत परत. माती वाळून, तडकून तुकड्यातुकड्यांनी रस्त्यावर पडली होती. उन्हाळ्यात काळ्या रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, हे शालिकराम जन्मापासून पाहत आला होता. पण त्याची माती नेहमी पाण्याजवळची, ओली. तिला वाळायची सवड त्यानं कधी दिलीच नव्हती.

एक वाजत आला होता. डब्यातलं पाणी आता थेंबथेंब नव्हे, धारेनं येत होतं. शालिकराम खाली बसला. पुन्हा काळी माती म्हणायची त्याची हिंमत नव्हती, आणि दुसरं काही त्याला येत नव्हतं.

"सरका बरं." त्याची बायको मनकर्णाबाई. गावातल्या निम्म्या चुली तिनं घातलेल्या. "आगीले काळी माती लावते काय कोनी? पांढरी पायजे. घोड्याची लीद पायजे. अन् भाजलेल्या चुलीचा चुरा, मंग तडकत नाई."

"मंग आन ना चुरा," शालिकराम म्हणाला.

"जुनी चूल कुठं हाये?"

होती ती एकच, पेटलेली, तिच्यावर भाकर. मनकर्णाबाईनं तवा उतरवला, निखारे ओढले आणि वरवंटा उचलला. शेजारची गोदाबाई किंचाळलीच.

"अवो मनकर्णे! भरल्या घरची चूल फोडतं काय? नवी घातल्याबिगर जुनीले हात लावत नाई कोनी!"

"माह्या पोरीच्या गोठ्यातले बैल गेले तं तिची चूल कशानं पेटन, ते सांग मले."

वरवंटा पडला. आम्ही पुरुष मंडळी बाहेर उभे होतो. शालिकरामनं मान फिरवली.

चुरा कुटला, चाळला. किसनरावांनी घोडीची लीद आणून दिली. सल्ल्यापेक्षा हे बरं निघालं. मनकर्णाबाईनं पांढरी माती मळली आणि चिरेवर कागदासारखा पातळ थर दिला.

"आता गाडी चालू करा. हळू. नुसती धग पायजे."

"पण वेळ..."

"साहेब, चूल घाईनं पेटवली का फुटते. हळू मंजे हळू."

सरकारी डॉक्टर मुकाट्यानं हळू झाले. एक थर सुकला की दुसरा, मग तिसरा. शालिकरामनं डबा सावलीत ओल्या पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. मध्येच उठून तो काडी नळीला टेकवून दातात धरी.

"वाजून राह्यलं काय?" मनकर्णाबाई विचारी.

तो मान हलवी. नाही.

पावणेदोनला पत्रा आणि तार बसली. फटफटी निघाली. सगळं गाव कान देऊन उभं. नदी ओलांडल्याचा आवाज आला, पुढे चढाचा, मग बारीक, मग नाहीच.

तीन दिवस काही कळलं नाही. मनकर्णाबाई अंगणात तीन दगडांवर भाकरी टाकी आणि शालिकराम अर्धी टाकून उठे. चूल फोडली म्हणून गोदाबाई काय काय बोलत होती, ते दोघं ऐकून घेत होती.

चौथ्या दिवशी डॉक्टर पिंपळाखाली उभे दिसले. कधी आले ते कळलंच नाही, खडखडाट कुठे होता!

"चारला दहा मिनिटं कमी असताना पोचलो," ते म्हणाले. "डब्यात सुपारीएवढा बर्फ होता. तुमच्या मुलीचे चारही बैल टोचले. एकानं दोन दिवस चारा सोडला होता, आता खातोय. शेजारची गाय गेली."

शालिकरामनं खाली वाकून नळी पाहिली. माती भाजून विटेसारखी लाल झाली होती. एक भेग नव्हती. सवयीनं त्यानं काडी उचलली, मग टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी वलगावानं एक नवल पाहिलं. शालिकराम मिस्त्री भर बाजारातून डोक्यावर मातीची पाटी घेऊन चालला होता. घरी चुलीच्या रिकाम्या जागी त्यानं ती मनकर्णाबाईपुढे उतरवली. तिनं चिमूट उचलली, उन्हात धरून पाहिली.

"पांढरीच हाये ना? का सवयीनं...?"

"पाह्य ना नीट," शालिकराम म्हणाला आणि लीद आणायला निघाला.