बाराव्याचे सोनेरी डबे

बहीण काविळीने गेली, लग्न ठरायच्या आधीच. बाराव्याला तिच्या नावाची भांडी वाटायचं आईने काढलं, तेव्हा काका म्हणाले, "कुवारीच्या नावाची भांडी कोन वाटतं?"

आई म्हणाली, "सासर तिला मिलाला न्हाय. नाव तरी चार घरांत र्‍हाऊ दे." काकांना खोट काढल्याशिवाय जेवण जात नसे, पण त्या दिवशी त्यांनीही मान डोलावली.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. गोदामांना जमिनी देऊन पैसा आलेल्या आमच्या शेलार गावात साधं स्टील कुणाच्या डोळ्यांत भरत नव्हतं. वडिलांनी भिवंडीतून सोनेरी स्टीलचे डबे आणले. हा रंग फासलेला नाही, स्टीलवरच चढवलेला आहे, जन्मात गंजणार नाही, असं दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं. नावही त्यानेच कोरून दिलं, विजेच्या सुईने, ठिपक्याठिपक्यांनी.

वर्षभराने आत्याच्या मुलाच्या हळदीला गेलो. आई पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरली आणि फळीसमोर उभीच राहिली. डबा लखलखत होता. बहिणीचं नाव तेवढं तांबडं पडलं होतं, निम्मी अक्षरं गंजाने खाल्लेली. दुकानदार अगदीच खोटं बोलला नव्हता, रंग टिकला होता. पण तो कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. सुईने तो जिथे जिथे फोडला, तिथून मीठ खालच्या स्टीलला लागलं. डब्यात मीठच भरलेलं होतं, मिठागरातलं खडे मीठ, आणि रोज मिठाच्या ओल्या हातांनी तो धरला जात होता.

"मीठ कशाला घातलंस गं?" आईने विचारलं.

"घरात नवी सून येते, वयनी," आत्या खाली बघत म्हणाली. "कुवारीच्या नावाचा डबा, गोडाला अपशकून. त्यात साकर कशी घालू?"

मला इतका संताप आला की मी त्या घरचं जेवणाचं ताट तसंच सोडलं. आणि बहिणीच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून राहिलेली हीच आत्या होती.

परतताना आई डबा दिलेल्या आणखी दोघींकडे डोकावली. तिथेही मीठच होतं.

त्यानंतर आई कुणाच्याच स्वयंपाकघरात गेली नाही. लग्न असो की मयत, ओटीवरच बसायची, आणि तहान लागली की पाणी बाहेर मागायची.